कापणीच्या दिवसांतला नकाशा

दिवाळी सरली की महाडच्या हवेत दोन वासांचं भांडण लागतं. पहाटे औद्योगिक वसाहतीकडून एक आंबूस, नाकाला झोंबणारा वास येतो. थंडीत तो वर जात नाही, रस्त्यावरच लोळत राहतो. मग ऊन चढतं आणि कापलेल्या भाताचा, दहिवराने भिजलेल्या पेंढ्याचा गोडसर वास त्याला ढकलून पुढे येतो. मी पोलादपूरला राहते आणि रोज सकाळी एसटीने महाडला शिकवायला येते. खिडकीशी बसायचं आणि कोणत्या वळणावर कोणता वास जिंकतो ते बघायचं, हा माझा या दिवसांतला जुना चाळा. पूर्वी भाताचा वास गाडीबरोबर पार डेपोपर्यंत यायचा. आता तो हायवेवरच कुठेतरी उतरतो, तिकीट तेवढंच काढल्यासारखा.

मी भूगोल शिकवते. हे सांगितलं की लोक ‘असं होय’ म्हणतात आणि विषय बदलतात. गणिताच्या मास्तरांना वाटेत थांबवून पालक नमस्कार करतात, इंग्रजीच्या बाईंना शिकवणीचं विचारतात. भूगोलाच्या बाईंना फार तर यंदा थंडी किती पडेल ते विचारतात. मला त्याचं काही वाटत नसे, कारण माझ्याकडे नोव्हेंबर होता. बारावीला भूमी उपयोजनाचा धडा आहे. कोणती जमीन कशासाठी वापरली जाते आणि तो वापर कसा बदलत जातो, एवढंच त्यात सांगायचं असतं. पुस्तकात उदाहरण म्हणून कुठल्या तरी मोठ्या शहराचा नकाशा दिलाय. आमच्या पोरांनी ते शहर पाहिलंय ते मावशीच्या लग्नात. म्हणून मी त्यांना घेऊन बाहेर पडत असे. पाऊस गेलेला, बांध वाळलेले, अर्धं भात उभं, अर्धं आडवं. चालायला आणि बघायला याहून चांगला वर्ग बांधून मिळणार नाही.

पद्धत साधी. गावच्या नकाशावरून शेतांच्या हद्दी ट्रेसिंग पेपरवर उतरवायच्या. तो कागद परीक्षेच्या पॅडला चिमट्यात अडकवायचा आणि शेत न् शेत चालत जायचं. शेती दिसली की पिवळा, झाडी हिरवी, पाणी निळं, पडीक करडा, कारखाना जांभळा आणि घरं लाल. दरवर्षी तोच पट्टा: शहराच्या कडेपासून ओढ्यापर्यंत आणि ओढ्यापासून नदीकाठच्या वाडीपर्यंत. एकाच माणसाचा दरवर्षी फोटो काढावा, तसं. शहरातली मुलं पहिल्या दिवशी बुटांत यायची आणि दुसऱ्या दिवशी स्लीपरमध्ये. भात कापून रिकामं झालेलं शेत ती सरळ करड्या रंगाने पडीक म्हणून रंगवायची. मग वाडीतली मुलं त्यांची टर उडवायची, “अरे वाल पेरलेत त्यात! अजून डोकी वर काढली नायत म्हणून काय पडीक?” त्यावर शहरातली म्हणायची, “मग पाटी लावा ना, वाल झोपलेत म्हणून.” हसता हसता दुपार कलायची आणि कुणीतरी घरून आणलेली तांदळाची भाकरी आणि सुकट बांधावर बसून सगळ्यांत वाटली जायची.

रंगपेट्या मी वर्गाच्या कपाटात ठेवते. सुरुवातीच्या वर्षांत पिवळ्या पेन्सिली झिजून बोटाच्या पेराएवढ्या व्हायच्या. लाल आपल्या लांबच्या लांब, टोकही न मोडलेल्या. मध्यंतरी कपाट आवरताना पाहिलं तर उलटं झालं होतं. लालचे नुसते बुटके तुकडे उरलेले आणि पिवळ्या पेन्सिली नव्यासारख्या. मी पेटीचं झाकण लावून टाकलं. काही गोष्टी कळायला नकाशा काढावा लागत नाही.

आताची मुलं म्हणतात, मॅडम, चालायचं कशाला, फोनवर मागच्या वर्षांची चित्रं दिसतात. खरंच दिसतात. बोट सरकवलं की पावसाळे सरकतात, शेतावर छप्पर उगवतं. पण ते उंटावरून शेळ्या हाकणं झालं. आकाशातून उभं भात दिसतं. ते कुणाच्या जिवावर उभं आहे, ते दिसत नाही. हे मी ठणकावून सांगायचे. चालून, विचारून काढलेला नकाशा माणसाला शहाणं करतो, यावर माझा विश्वास होता. एका वर्षी तो गेला. प्रत्येक कापणीला मला तेच वर्ष आठवतं, म्हणून आज लिहायला बसले आहे.

त्या वर्षी प्रणाली वर्गात होती. नदीकाठच्या वाडीतली, शिडशिडीत, बोलायला फटकळ. वडील, नामदेवदादा, ओढ्याकाठच्या शेतात भात करायचे. शेत तीन भावांचं, कसणारे हे एकटे. दोघे भाऊ मुंबईला, आणि त्यातला धाकटा सुभाष दर दिवाळीला येऊन एकच तुणतुणं वाजवायचा: विकून टाकू. नामदेवदादा दरवर्षी नाही म्हणायचे. प्रणालीला भीती होती की यंदा ते नाही म्हणणार नाहीत. शेत गेलं तर बाबा काय करतील, हे तिला सुचत नव्हतं. आणि दुसरंही एक होतं. सावित्री नदीला पूर आला की ओढा उलटा फिरतो आणि पाणी त्या शेतांमध्ये पसरतं. तिथे पसरतं म्हणून वाडीत शिरत नाही. शेतं भरावाने उंच झाली की ते पाणी कुठे जाणार, हे तिला माझ्याच धड्याने शिकवलं होतं.

“मॅडम, मी काकाला नकाशाच दाखवते,” ती एक दिवस म्हणाली. “तोंडाने सांगितलं की आमच्यात भांडण होतं. कागदावर दिसलं की पटेल.”

मला केवढा आनंद झाला! इतकी वर्षं धडा शिकवला, पण धड्याचं असं काम काढणारी ही पहिलीच. कपाटावर गुंडाळून ठेवलेला एका जुन्या तुकडीचा नकाशा मी तिला झटकून दिला आणि म्हटलं, हा शेजारी ठेव, दोन्हींत फरक दिसू दे.

तिने कामही जीव ओतून केलं. भराव टाकलेली पण अजून घर न बांधलेली जमीन कशी दाखवायची, यावर वर्गात वाद झाला, तेव्हा तिनेच लाल तिरप्या रेघा सुचवल्या. मग तिच्या लक्षात आलं की काही शेतांत भात उभं आहे, पण कोपऱ्याला नवे दगड रोवलेत. म्हणजे व्यवहार झालेला. बांधकाम लागेपर्यंत जुना मालक कसतो आहे इतकंच. ही शेतं पिवळीच रंगवायची, पण वर लाल ठिपके द्यायचे असं ठरलं. ठिपके कुठे द्यायचे हे कळायला घरोघर विचारावं लागणार होतं. ती विचारत फिरली. आपल्याकडे तलाठ्याला, पाहुण्याला, सख्ख्या भावालाही माणूस जमिनीचं खरं सांगणार नाही. पण पोराने कागद पुढे करून “शाळेचं काम हाय” म्हटलं की सांगतो. प्रोजेक्टला खोटं सांगितलं तर पोराचे गुण जातात, असं काहीतरी लोकांच्या मनात असतं. कुणी तिला चहा दिला, कुणी कोहाळं दिलं, आणि सगळ्यांनी खरं सांगितलं.

नकाशा देखणा झाला होता. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना लाल रेघा, ठिपके, मध्ये एक पिवळी पट्टी स्वच्छ. ती त्यांची.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी ती मला घरी न्यायला आली. “तुम्ही या मॅडम. तुमच्यासमोर काका आवाज चढवायचा नाय.” अंगणात उसाचा मांडव होता, खळ्यात भाताची उडवी रचलेली, आणि त्या ओल्या उडवीची ऊब ओटीपर्यंत जाणवत होती. प्रणालीने ओटीवर दोन्ही नकाशे पसरले. कागद उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर तांब्या, एकावर पानाचा डबा, उरलेल्यांवर चुलतभावांचे गुडघे. शेजारपाजारची माणसंही जमली. एरवी वर्गात पाठ न होणारं तिने खणखणीत म्हणून दाखवलं: हे आधीचं, हे आत्ताचं, इथे पाणी पसरतं, हे भरलं तर पाणी आपल्या ओटीवर येईल, म्हणून एवढा पट्टा तरी राखला पाहिजे.

सुभाषने शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. विक्रोळीला एका खोलीत चौघं राहायची, हे त्याने चहा घेताना मला सांगितलं होतं. त्याने आधी जुना नकाशा पाहिला, मग नवा, मग शहराच्या कडेपासून ओढ्यापर्यंत बोट फिरवत आणलं.

“म्हणजे लाल हितनं निघाला आनि हितपत्तुर आला,” तो म्हणाला. “मग पुढच्या दिवाळीला आपल्यात. बराबर ना मॅडम?”

नकाशा असाच वाचायचा असतो. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना तो इतका नीट वाचता येत नाही.

“एकदम क्लिअर हाय,” तो म्हणाला आणि त्याने फोन काढून दोन्ही नकाशांचे फोटो घेतले. “एवढं तर एजंट पन समजावत नाय. प्रणाली, लय भारी काम केलंस.”

त्याच्या मागून माणसं वाकून आपापलं शेत शोधू लागली. शेजारच्या काकींनी पदर सावरत विचारलं, “आमच्यावर लाल कवा येनार गो?”

“काकी, लाल येणं चांगलं नाय,” प्रणाली कळवळून म्हणाली.

“तुला काय जाताय! येऊं दे की.”

त्यांना लाल म्हणजे पोराची खोली, नातवाचं कॉलेज, गुडघ्याचं ऑपरेशन. धोक्याचा म्हणून जो रंग मी वर्षानुवर्षं पोरांना गिरवायला लावला, त्याची ही माणसं पाहुण्यासारखी वाट बघत होती. त्यांना दोष कुठल्या तोंडाने द्यायचा? माझं स्वतःचं पोलादपूरचं घर ज्या जागेवर आहे तिथेही एकेकाळी नाचणीच पिकत असणार.

नामदेवदादा इतका वेळ खांबाला टेकून होते. गर्दी पांगल्यावर ते येऊन उकिडवे बसले. प्रणालीने त्यांना नकाशावर घर दाखवलं, ओढा दाखवला. मग त्यांनी पेंढ्याची एक काडी उचलली आणि ती एकेका शेतावर मोजल्यासारखी टेकवत वरून खाली आले.

“हे ठिपकं कसलं गो?”

“विकलेली बाबा. भात उभं हाय, पण विकलेली.”

काडी त्यांच्या शेताला लागून असलेल्या तुकड्यावर थांबली. “हा गणपतचा ना?”

“हो.”

“त्यान बी विकलान?”

“उन्हाळ्यातच, म्हणाले.”

नामदेवदादांनी काडी त्या ठिपक्यांवरून फिरवली. “मला म्हनला व्हता, तू हायस तंवर मी हाय,” ते म्हणाले. मग त्यांनी काडी ओढ्याच्या दुसऱ्या बाजूला नेली. तिथेही ठिपके. बांधावर उभं राहिलं की माणसाला आजूबाजूची चार शेतं दिसतात, आणि चारही शेतांत भात असलं की सगळं जागच्या जागी आहे असं वाटतं. ते इतकी वर्षं बांधावर उभे होते.

त्यांनी मान वर करून मला विचारलं, “बाई, वरच्या खाचरातनं पानी माझ्यात येतं, माझ्यातनं खालच्यात जातं. आता वर भराव, खाली भराव. मग माझ्या भाताला पानी येनार कुठनं आनि जानार कुठं?”

मी जलप्रणाली शिकवते. पाणलोट शिकवते. फळ्यावर खडूने बाण काढून दाखवते. त्या ओटीवर माझ्याकडे बाण काढायला जागा नव्हती. मी गप्प बसले, आणि मला वाटतं तेच उत्तर त्यांनी धरलं.

“सुभाष,” ते उठत म्हणाले, “तुझ्या त्या मानसाला बोलव.”

प्रणालीने तांब्या बाजूला केला, पानाचा डबा बाजूला केला आणि नकाशे गुंडाळायला घेतले. ती रडली नाही. दारात तुळशीचं लग्न लागत होतं, पोरं अक्षता फेकत होती, आणि ती कागदाची सुरळी घट्ट, आणखी घट्ट करत बसली होती. मला त्या संध्याकाळी माझ्या विषयाची चीड आली. सुभाषला इतकी वर्षं जे जमलं नव्हतं, ते माझ्या धड्याने एका बैठकीत केलं होतं. आणि त्या नकाशात एक रेघसुद्धा चुकीची नव्हती. चुकीची असती तर निदान खोडून टाकता आली असती.

पुढे फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचा नकाशा उचलून सगळ्यांना दाखवला, रंगांची सूची किती सुबक आहे म्हणून वाखाणला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “भूमी उपयोजनाच्या नकाशाचा उपयोग काय?” मी खिडकीबाहेर बघत होते. ती म्हणाली, “नियोजनासाठी, सर. जमिनीचा योग्य वापर व्हावा, शेतजमिनीचं रक्षण व्हावं आणि पूर नियंत्रण करता यावं यासाठी.” धड्याखाली चौकटीत आहे, शब्दशः तसंच. तिला पूर्ण गुण मिळाले.

त्या उन्हाळ्यात नामदेवदादांच्या शेतात डंपरने मुरूम आला. पुढच्याच्या पुढच्या पावसाळ्यात पाणी वाडीत शिरलं आणि त्यांच्या ओटीवर चढलं. माझ्या शिकवण्यातला हा एक अंदाज तेवढा तंतोतंत खरा ठरला. प्रणाली आता एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. कंपनीची बस कधी एसटीला समांतर आली तर ती आतून हात करते. मध्ये एकदा बाजारात भेटली, तेव्हा मी म्हटलं, बाहेरून बी.ए. तरी कर भूगोलात, तुझा हात चांगला आहे. “भूगोल करून काय करू मॅडम?” ती म्हणाली. टोमणा नव्हता, तिला खरंच विचारायचं होतं. मी तिला तिच्या पिशवीतली कोथिंबीर केवढ्याला मिळाली ते विचारलं.

धडा मात्र अजून शिकवते. शिकवावाच लागतो, अभ्यासक्रमात आहे. मुलं जुने नकाशे ओळीने भिंतीवर लावतात, लाल कसा सरकत गेला ते काठीने दाखवतात, टाळ्या मिळवतात. पूर्वी मी शेवटी विचारायचे, मग आपण काय करू शकतो? हल्ली तो प्रश्न विचारत नाही. मुलांनाही तो चुकल्यासारखा वाटत नाही. ओढ्याकाठचा पट्टा तर आता इतका लाल झाला आहे की तिथे जाऊन मोजण्यासारखं काही उरलं नाही.

म्हणूनच यंदा मी कुडपण ठरवलं होतं. पोलादपूरच्या वरचं, पठारावरचं गाव. तिथे अजून नकाशाभर पिवळा मिळेल, निदान पोरांना तो रंग वापरायला तरी मिळेल, असं मनात होतं. परवा दुपारी महाडहून घरी निघाले तर एसटीत शेजारी येऊन बसले नामदेवदादा. केस पार पांढरे. मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला कोयता.

“कुठे निघालात दादा?”

“कुडपनला. म्हेवन्याकडं. कापनीला.” आणि मग, मी काही विचारायच्या आत, “या दिवसांत घरी बसवत नाय बाई. हात शिवशिवतात. तो भाकरी घालतो, मी कापतो. वर भात काय आलंय म्हनून सांगू!” बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. कोणत्या खाचरात काय पेरलंय, कुठलं भात आधी पिकतं, सगळं सांगत राहिले. मग त्यांनी सहज विचारलं, “यंदा पोरांना कुठं नेनार?”

मला खोटं बोलता आलं नाही. “कुडपणलाच न्यायचं म्हणतेय.”

गाडीने दोन गावं मागे टाकली. मग गोणपाटावरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “राग मानू नका बाई. पन तितं नकाशा नका नेऊ. बाकी काय पन शिकवा.”

“नाही नेणार,” मी म्हटलं. आणि खरंच ठरवलं की नाही न्यायचं. माझ्या नकाशामुळे काही विकलं जात नाही, हे मी त्यांना समजावून सांगू शकले असते. पण त्यांच्या बाबतीत तरी ते खरं नव्हतं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. पोलादपूरच्या स्टँडवर उतरताना त्यांनी माझी पिशवी खाली घेऊन दिली.

कुडपणच्या गाडीला वेळ होता. ते चौकशीच्या खिडकीशी उभे होते, तोच बाहेर रस्त्याकडेला एक पांढरी मोटार थांबली, मुंबईच्या नंबरची. काच खाली करून ड्रायव्हरने हाक मारली, “काका, कुडपण कुठून जायचं?” नामदेवदादा लगबगीने गेले. आपणही तिकडेच निघालोय म्हणत पूल, फाटा, चढ, सगळं हाताने दाखवू लागले. मी माझी पिशवी घेऊन पलीकडच्या बाजूने जात होते, तेव्हा मागच्या सीटवरचा माणूस फोनवर कुणाला तरी सांगत होता, “हो, हो, पठारावरचेच प्लॉट. आज बघून घेतो.”

ड्रायव्हर म्हणाला, “काका, तुम्ही पण तिकडेच चाललाय ना? मग बसाच की, रस्ता दाखवायला.”

नामदेवदादा हरखले. गाडीची वाट बघणं वाचलं. कोयता जपून पायाशी ठेवून ते पुढच्या सीटवर बसले, त्यांनी काचेतून मला हात केला, आणि मी हाक मारायला तोंड उघडेपर्यंत ते ड्रायव्हरला पहिलं वळण दाखवत होते.